खोली नंबर ३०२

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील आठवीच्या मुलांनीं एका रविवारीं दुपारीं भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत पाहिली. अमेरिकेंतील समुद्रकांठच्या एका भव्य हॉटेलांत एक खोली आहे. त्या खोलींत सवाशें वर्षांपूर्वीं एक तरुण स्त्री उतरली होती. तिचा शोचनीय अंत झाला. आणि तेव्हांपासून तेथें रात्रीं दिवे आपोआप लुकलुकतात, वारा नसतां पडदे हलतात, आणि पलंगाच्या कडेवर कोणी बसल्याचा भास होतो, असें तींत दाखविलें होतें. परिणाम असा झाला कीं, पुढील चार रात्री गृहपालांस शयनगृहांतील दिवा विझवितां आला नाहीं. पांचव्या दिवशीं मुलें माझ्याकडे आलीं आणि त्यांतील एकानें सरळच विचारलें, "सर, त्या खोलींत भूत आहे कीं नाहीं, तें एकदां सांगून टाका."

तें एकदां सांगून टाकणें मला जमलें नाहीं. 'नाहीं' म्हणून मोकळें होणें सोपें होतें. परंतु मोठ्या माणसानें 'नाहीं' म्हटलें एवढ्यावरून ज्याची भीति जाते, त्याची ती दुसऱ्या कोणीं 'आहे' म्हटल्याबरोबर परतहि येते. म्हणून अशा खोलीचा शोध कसा करावयाचा असतो, हें मुलांस थोडक्यांत सांगितलें, आणि सविस्तर मजकूर वार्षिकांत लिहून देईन असें वचन दिलें. तें वचन येथें पुरें करीत आहें.

आपल्याकडेहि चिंचेवरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, पडक्या वाड्यांतील समंध यांच्या गोष्टी कांहीं कमी नाहींत. त्या साऱ्यांची ठेवण एकच असते. 'त्या वाड्यांत अमक्याची सून विहिरींत पडून मेली, म्हणून तेथें रात्रीं पैंजण वाजतात.' वाक्य लहान आहे, पण त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींस बांधून ठेविल्या आहेत. सून मेली कीं नाहीं, ही झाली पहिली. तिचें उत्तर जुन्या कागदपत्रांत सांपडतें. पैंजण वाजतात कीं नाहीं, ही दुसरी. तिचें उत्तर भिंतींत, वाशांत आणि ऐकणाराच्या कानांत शोधावें लागतें. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मधला तो 'म्हणून'. सारें भूत त्या 'म्हणून' मध्यें राहतें. शोधकानें पहिलें काम करावयाचें तें हेंच कीं, ही गांठ सोडवून तिन्ही धागे वेगळे करावयाचे. मुलांनीं पाहिलेल्या खोलीच्या बाबतींत सुदैवानें पहिल्या धाग्याचे कागद शाबूत आहेत.

कॅलिफोर्निया संस्थानाच्या अगदीं दक्षिण टोंकाला सॅन डिएगो शहर आहे. त्याच्या समोर, उपसागर ओलांडून, कोरोनाडो नांवाची जमिनीची एक जीभ समुद्रांत शिरली आहे. तेथें 'हॉटेल डेल कोरोनाडो' हें १८८८ च्या फेब्रुवारींत उघडलें. सारी इमारत लांकडी. तांबड्या शंक्वाकृति छपरांची. चारशेंच्या आसपास खोल्या. आणि विजेचे दिवे हें ज्या काळीं मोठेंच नवल होतें त्या काळीं घरभर विजेचे दिवे. श्रीमंत लोक हिवाळा काढावयास तेथें येत. १९६९ सालीं पूल होईपर्यंत शहरांतून तेथें जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे नाव.

या हॉटेलांत १८९२ च्या नोव्हेंबरच्या २४ तारखेस एक स्त्री एकटीच आली. तो दिवस अमेरिकनांच्या आभारदिनाचा, म्हणजे घरोघर आप्तेष्टांनीं एकत्र जेवावयाचा दिवस होता. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वय पंचविशीच्या आसपास, वेष नीटनेटका, परंतु बरोबर सामान नाहीं. वहींत तिनें नांव लिहिलें, मिसेस लॉटी बर्नार्ड, राहणार डेट्रॉईट. तिला ३०२ नंबरची खोली मिळाली. आपला भाऊ डॉक्टर असून तो लवकरच येणार आहे, सामानाच्या पावत्या त्याच्यापाशीं आहेत, असें तिनें कारकुनास सांगितलें. तिची प्रकृति बरी नव्हती, हें नोकरांच्याहि लक्षांत आलें. तिचें चालणें मंद होतें आणि चेहऱ्यावर वेदना दिसत. आपणांस पोटाचा असाध्य रोग आहे, असें ती बोलली होती. भाऊ आला का, म्हणून ती वारंवार चौकशी करी. तो आला नाहीं.

हॉटेलचा मुख्य कारकून कांहीं निष्ठुर मनुष्य नव्हता. बाईजवळ पैसे दिसत नाहींत, प्रकृति बिघडत चालली आहे, हें पाहून त्यानें तिच्याकडून आयोवा संस्थानांतील हॅम्बर्ग नांवाच्या गांवच्या एका गृहस्थाचें नांव मिळविलें व त्यास तार केली; पंचवीस डॉलरपर्यंत तिच्या खर्चाची हमी घेतल्याचें उत्तरहि आलें. सोमवारीं २८ तारखेस ती दुखणें अंगावर घेऊन शहरांत गेली व एक पिस्तुल विकत घेऊन परतली. संध्याकाळीं तिनें पुन्हां भावाची चौकशी केली. मंगळवारीं २९ तारखेस सकाळीं, विजेचे दिवे पाहत फिरणाऱ्या हॉटेलच्या कारागिरास, समुद्राकडे उतरणाऱ्या बाहेरच्या जिन्यावर तिचा मृतदेह दिसला. मस्तकांत गोळी लागली होती. खोलींत कागद जाळल्याची राख सांपडली.

कोरोनरनें चौकशी केली. कारकून, नोकर, दुकानदार, डॉक्टर अशा सर्वांच्या साक्षी झाल्या, त्या लिहून ठेविल्या गेल्या, आणि मृत्यु तिच्या स्वतःच्याच हातून झाला असा निर्णय देण्यांत आला. हे लेखी कागद आजहि वाचावयास मिळतात, आणि या प्रकरणांत त्यांच्याइतका भरंवशाचा दुसरा साक्षीदार नाहीं.

परंतु ती होती कोण? डेट्रॉईटमध्यें या नांवाची बाई कोणास ठाऊक नव्हती. तारेनें तिचें वर्णन देशभर गेलें. वर्तमानपत्रांनीं तिला 'सुंदर अपरिचिता' असें नांव देऊन रकाने भरले. कांहीं दिवस तर डेट्रॉईटमधील एका बेपत्ता मुलीचें नांव तिला चिकटलें होतें. शेवटीं लॉस एंजेलिस येथें एका घरीं ठेवलेली पेटी व तिच्यांतील कागद यांवरून खरें नांव कळलें. ती केट मॉर्गन. माहेरचें नांव केट फार्मर. आयोवांतील खेड्यांत जन्मलेली, लहानपणींच आई वारली, आजोबांनीं वाढविली, १८८५ सालीं टॉमस मॉर्गन याच्याशीं लग्न झालें, आणि १८९२ च्या नोव्हेंबरांत ती लॉस एंजेलिसच्या एका सुखवस्तु कुटुंबांत, आणखी एक वेगळेंच नांव घेऊन, मोलकरीण म्हणून राबत होती. कांहीं कागदांवर सही आणण्यास सॅन डिएगोला जातें आणि आभारदिनाच्या जेवणापर्यंत परत येतें, असें सांगून ती तेथून निघाली होती. सॅन डिएगोच्या माउंट होप स्मशानभूमींत तिला पुरलें.

येथें पहिला धागा संपतो. त्यांत भूत कोठेंहि नाहीं. आहे ती एक आजारी, एकाकी, स्वतःचें नांव सांगावयासहि न धजणारी मुलगी.

आतां लोकांनीं या धाग्याला काय काय गुंफलें तें पाहूं. ती गरोदर होती, नवऱ्यानें टाकली म्हणून तिनें प्राण दिला, असें कोणी सांगतें. त्याला कोरोनरच्या चौकशींत आधार नाहीं. नवरा-बायको आगगाडींत पत्ते खेळून प्रवाशांस लुबाडीत असत, अशीहि एक हकीकत रंगवून सांगतात. आगगाडींत अशाच एका स्त्रीचें एका पुरुषाशीं भांडण होतांना पाहिलें, असें एका प्रवाशाचें म्हणणें वर्तमानपत्रांत आलें होतें. तेवढ्या बीजावर हा वृक्ष वाढला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत एका वकिलानें त्या खोलींत मुक्काम केला आणि हा आत्मघात नसून खून आहे, असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलें. मुख्य पुरावा असा कीं, पिस्तुल ४४ मापाचें होतें, आणि चौकशींत जखमेचें माप सांगतांना ३८ किंवा ४० असा आंकडा आला आहे. ऐकावयास हें मोठें चमत्कारिक वाटतें. पण मूळ कागद वाचले म्हणजे कळतें कीं, तें माप पट्टी लावून घेतलेलें नव्हतें, डोळ्यांनीं पाहून केलेला तो अंदाज होता; आणि अंदाजावर खुनाचा आरोप उभा राहत नाहीं. वकिली पेशाच्या गृहस्थानें तरी हें विसरावयास नको होतें.

आतां खोलीकडे येऊं. १८९२ सालची ३०२ नंबरची खोली ती आजची ३३२७ नंबरची खोली, असें हॉटेलचे लोक सांगतात. मधल्या काळांत खोल्यांचे नंबर एकाहून अधिक वेळां बदलले. मुलांनो, एक साधा विचार करा. अनेक वर्षें त्या दारावर दुसराच नंबर होता. त्या काळांत किती पाहुण्यांस ती 'भुताची खोली' म्हणून ठाऊक होती, आणि कितीजण तेथें स्वस्थ झोंपून सकाळीं न्याहारी करून निघून गेले? त्यांची गणती कोणीं केली नाहीं. जो घाबरला त्याची गोष्ट होते. जो झोंपला त्याची होत नाहीं. आणखी गंमत अशी कीं, त्याच हॉटेलांत ३५१९ नंबरची दुसरी एक खोली आहे आणि तींत याहूनहि अधिक चमत्कार घडतात अशी ख्याति आहे. ती एकेकाळीं नोकरांकडे असे. तेथें काय झालें होतें? केटची शुश्रूषा करणारी एक दासी तेथें राहत असे व पुढें तिचेंहि बरेंवाईट झालें, असें सांगतात. परंतु या दासीसाठीं केटच्या प्रकरणासारखे कागद कोणी पुढें मांडीत नाहीं. म्हणजे एका खोलीला इतिहास आहे म्हणून भूत आहे, आणि दुसरीला भूत आहे म्हणून इतिहास देण्यांत आला आहे! 'म्हणून' हा शब्द किती आज्ञाधारक आहे, तो पाहा. जिकडे हांकावा तिकडे जातो.

मग पाहुणे खोटें बोलतात काय? मला तसें मुळींच वाटत नाहीं. ज्यांस पावलांचा आवाज ऐकूं आला, अंगावरून थंड झुळूक गेली, कोणी जवळ उभें असल्याचें जाणवलें, त्यांस तें खरोखरच जाणवलें असावें. 'तुला भास झाला' एवढेंच सांगून आपण अशा माणसाचा अपमान करतों आणि त्याची भीति मात्र तशीच ठेवतों. भास झाला तरी तो कशानें झाला, याचें उत्तर द्यावयास हवें.

प्रथम इमारत पाहावी. समुद्रकांठचें सवाशें वर्षांचें लांकडी घर रात्रीं गप्प बसेल कसें? दिवसा तापलेलें, दमट हवेनें फुगलेलें लांकूड रात्रीं निवतांना आंखडतें आणि कडकड वाजतें; हा आवाज जिन्यावरच्या पावलासारखाच असतो, कारण जिन्यावरचें पाऊल म्हणजे तरी लांकडावर पडलेला ताणच. कोंकणांत ज्यांचीं जुनीं कौलारू घरें आहेत त्यांस हें सांगावयास नको. जुन्या दाराखिडक्यांच्या फटींतून वारा येतो. पोकळ भिंतींतून चार खोल्या पलीकडचें बोलणें शेजारच्यासारखें ऐकूं येतें. हॉटेलांत तर मध्यरात्रींहि कोणी ना कोणी येत-जात असतोच.

त्यानंतर झोंप पाहावी. परक्या ठिकाणीं पहिल्या रात्रीं नीट झोंप लागत नाहीं, हा सर्वांचा अनुभव. २०१६ सालीं अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांतील संशोधकांनीं झोंपलेल्या माणसांच्या मेंदूचें मापन करून दाखविलें कीं, नव्या जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोंपत नाहीं, जणूं पहारा करतो. आणि अनोळखी आवाज झाला तर लवकर जागें करतो. हॉटेलांतील बहुतेक पाहुण्यांची रात्र ही पहिलीच रात्र असते. अशा अर्धवट झोंपेंत आणखी एक प्रकार घडतो. मन जागें होतें, पण झोंपेंत शरीराला आलेली शिथिलता अजून उतरलेली नसते. हात हलत नाहीं, ओरडतां येत नाहीं, छातीवर भार वाटतो, आणि खोलींत कोणी उभें आहे असें निश्चित वाटतें. आपल्याकडे 'छातीवर भूत बसलें' असें म्हणतात तें हेंच. तें मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप जातें. आमच्या वर्गांतील दोघां मुलांनीं, आपणांस असें झालें होतें पण कोणास सांगितलें नाहीं, असें मला नंतर एकांतांत येऊन सांगितलें. घरच्या मंडळींनीं मुलांस याविषयीं सहज विचारावें, अशी माझी विनंति आहे.

हवेचीहि परीक्षा करावी. १९२१ सालीं विल्मर नांवाच्या एका अमेरिकन नेत्रवैद्यानें एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केली. हें कुटुंब १९१२ सालीं एका जुन्या घरांत राहावयास गेलें, आणि थोड्याच दिवसांत पावलें ऐकूं येणें, अंधारांत आकृति दिसणें, मुलांचे चेहरे उतरणें, डोकें जड होणें, कुंड्यांतील झाडें वाळणें असे प्रकार सुरू झाले. घर भुतानें पछाडलें अशी त्यांची खात्री झाली. अखेर कळलें कीं, घर गरम ठेवणारी भट्टी नादुरुस्त होती आणि तिचा धूर धुराड्यांतून जाण्याऐवजीं घरांत पसरत होता. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. भट्टी दुरुस्त झाली, भुतें गेलीं. पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. आपल्या घरीं भट्टी नसते, परंतु बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर असतो, आणि थंडींत दारें लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल कांहीं घरीं अजूनहि आहे. या दोहोंनीं दरवर्षीं माणसें मरतात. न्हाणीघरांत चक्कर आली, डोकें दुखलें, विचित्र भास झाला, तर मांत्रिकास बोलावूं नये. खिडकी उघडावी, माणसास मोकळ्या हवेंत आणावें व डॉक्टरकडे न्यावें.

कानांस ऐकूं न येणारा नादहि भुताचें सोंग घेऊं शकतो, असें एका इंग्रज एंजिनियरानें दाखविलें. विक टँडी हें त्याचें नांव. कॉव्हेंट्री शहरांतील एका प्रयोगशाळेंत तो काम करी. तेथें लोकांस उगीच उदास वाटे, अंगावर शहारे येत, आणि एका रात्रीं त्याला स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यांत एक करडी आकृति दिसली. वळून पाहतो तों नाहींशी! दुसऱ्या दिवशीं त्यानें आपलें तलवारबाजीचें पातें दुरुस्तीसाठीं शेगड्यांत पकडून ठेविलें, तों तें कोणी न हलवितां थरथरूं लागलें. भित्रा मनुष्य पळाला असता. यानें तें पातें खोलीभर सरकवून पाहिलें. मध्यभागीं थरथर सर्वांत अधिक, भिंतीशीं जवळजवळ नाहीं. म्हणजे खोलींत एक स्थिर लहर उभी होती. एक नवा बसविलेला पंखा सेकंदाला सुमारें १९ कंपनांचा नाद करीत होता. मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा सुमारें २०. पंख्याची व्यवस्था बदलतांच खोलींतील उदासपणा गेला. १९९८ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें.

ही गोष्ट मला फार आवडते, आणि म्हणूनच तिच्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. आवडतें उत्तर हें खरें उत्तर असतेंच असें नाहीं. भूत मानणाराला जो नियम, तोच न मानणारालाहि. लंडनच्या कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं याची परीक्षा घेतली. त्यांनीं एक रिकामी गोल खोली मुद्दाम तयार केली, तींत असा अश्राव्य नाद व चुंबकीय क्षेत्र सोडण्याची गुप्त योजना केली, आणि ७९ माणसांस एकेकटें पन्नास मिनिटें आंत ठेविलें. येथें कांहीं चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे, एवढें त्यांस आधीं सांगितलें होतें. कित्येकांस गरगरलें, कित्येकांस कोणी जवळ असल्यासारखें वाटलें. परंतु २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, यंत्र चालू असो वा बंद, अनुभवांत फरक नव्हता. ज्याचें मन सूचना लवकर उचलतें त्याला अधिक जाणवलें, इतकेंच. त्या खोलींत कोणी मेलें नव्हतें. ती नवी कोरी होती. त्यापूर्वीं १९९७ सालीं अमेरिकेंतील एका बंद पडलेल्या नाटकगृहांतून दोन गटांस फिरवून आणलें होतें. एका गटास येथें भूत आहे असें सांगितलें, दुसऱ्यास डागडुजी चालू आहे असें सांगितलें. चमत्कारिक अनुभव कोणास अधिक आले हें सांगावयास नको. नाटकगृह तेंच, वारा तोच, फक्त कानावर पडलेलें वाक्य निराळें.

याच कारणासाठीं, भुताच्या शोधास म्हणून जीं मंडळी रात्रीं निरनिराळीं यंत्रें घेऊन जातात त्यांच्याविषयीं मला फारसा आदर नाहीं. कोरोनाडोच्या खोलींतहि अशीं मंडळी यंत्रें घेऊन गेलीं आहेत. उष्णता उतरली, चुंबकसूचीचा कांटा हलला, कीं झाली खूण! पण शेजारच्या निर्दोष खोलींत तोच कांटा किती हलतो, हें आधीं पाहिल्यावांचून या खोलींतील हलण्याला अर्थ काय? विजेची तार भिंतींतून गेली कीं कांटा हलणारच.

मी त्या हॉटेलचा व्यवस्थापक असतों तर वर्षभर असें करून पाहिलें असतें. एकसारख्या दहा खोल्या निवडाव्या, त्यांत ही एक असावी. दारांवरील नंबर काढून चिन्हें लावावीं. पाहुण्यांस चिठ्ठ्या टाकून खोल्या द्याव्या. चावी देणाऱ्या नोकरासहि ठाऊक असूं नये कीं ती कोणती, कारण त्याच्या चेहऱ्यावरूनहि पाहुणा ओळखेल. सकाळीं प्रत्येकाकडून, झोंपलेल्याकडूनहि, रात्रीं काय झालें तें लिहून घ्यावें. वर्षाअखेर कागद उघडावे. दहांतून ती एक खोली वेगळी उठून दिसली, तर मग पुढचा शोध आणि तोहि आनंदानें! हा प्रयोग होईल असें मात्र मला वाटत नाहीं. ती खोली मुद्दाम मागून घेणारे पाहुणे पुष्कळ आहेत, आणि हॉटेलनें स्वतःच केटवर पुस्तक काढलें आहे. एरवीं भुतानें घराचें भाडें उतरतें. येथें तें भाडें आणून देतें.

तथापि त्या पुस्तकाचा एक उपकार मान्य केला पाहिजे. कोरोनरच्या कागदांतील साक्षी त्यामुळें सामान्य वाचकांच्या हातीं आल्या. त्या वाचतांना दिवे लुकलुकण्याची आठवणहि राहत नाहीं. लक्षांत राहतो तो हॉटेलांतील पोरसवदा नोकर, जो तिला लागेल तें आणून देत असे. तो कारकून, ज्यानें पैशांसाठीं तार केली पण जिन्याकडे पाहावयास त्या रात्रीं कोणी ठेविला नाहीं, कारण ठेवावा असें कोणालाच सुचलें नव्हतें. आभारदिनाच्या जेवणास परत येतें असें सांगून गेलेल्या मोलकरणीची वाट त्या घरीं किती वेळ पाहिली असेल, हेंहि मनांत येतें.

हें सारें मीं मुलांस त्या दिवशीं संक्षेपानें सांगितलें. त्या रात्रीं नऊ वाजतां गृहपालांनीं दिवा विझविला तेव्हां कोणी कुरकुर केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत तो प्रश्न विचारणारा मुलगा पुन्हां माझ्याकडे आला. मला वाटलें, भुताविषयींच कांहीं राहिलें असेल. तो म्हणाला, "सर, तिचा भाऊ मागाहून तरी आला होता का?"

मीं सांगितलें, नाहीं.